फोन खिशात असताना वेगळा म्युझिक प्लेअर कशाला?

आवाजासाठी घेत असाल तर घेऊ नका. उत्तर इथंच संपवता आलं असतं. पण ‘फोनवर सगळी गाणी मिळत असताना दहा हजार घालून वेगळा म्युझिक प्लेअर घेणारे लोक त्याचं नक्की करतात तरी काय, आणि घ्यायचाच तर कुठला’ असं तुम्ही विचारलंय. यातला पहिला अर्धा प्रश्न मी घरच्या चवथीपासून शेजारच्या बारशापर्यंत इतक्यांदा ऐकलाय, की गप्प बसवत नाही.

आधी आवाजाचं उरकतो. कानात ब्लूटूथचे इअरबड असतील तर प्लेअरमधला भारी डॅक (फाईलमधल्या आकड्यांचा आवाज करणारी चिप) कामालाच येत नाही. ते काम इअरबडच्या पोटातच होतं. सीडीला सेकंदाला 1411 किलोबिट लागतात. ब्लूटूथवर ज्याचा एवढा गाजावाजा होतो तो एलडॅक (गाणं दाबून बिनवायरी पाठवायची पद्धत) जास्तीत जास्त 990 पर्यंत जातो, तोही सिग्नल धड असेल तर. म्हणजे महागडा प्लेअर घेऊन त्याला बिनवायरचे इअरबड जोडणारा माणूस फक्त खिसा जड करतो. वायरचे इअरफोन असतील आणि फोनला भोक नसेल (ॲपलने 2016 साली ते काढलं, मग बाकीच्यांनी हळूहळू), तर यूएसबी-सीचा दीड-दोन हजारांचा डाँगल, म्हणजे फोन आणि इअरफोन यांच्या मधला छोटा जोड, पुरतो. डोळे बांधून ऐकवलं तर तो डाँगल आणि दहा हजारांचा प्लेअर यांतला फरक मला तरी ओळखता येत नाही, आणि माझं अर्धं आयुष्य सुराला सूर लावण्यात गेलंय.

मग मी प्लेअर का बाळगतो? मी पेटीवाला. सत्तरी तालुक्यात आमच्या गावात देवळाच्या उत्सवाला गावातलीच माणसं संगीत नाटक करतात. गोव्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नायक दिवसा लाईनमन, नायिका प्राथमिक शाळेत शिक्षिका, आणि मी सरकारी नोकरीत, वाळपई-पणजी बसमधला रोजचा प्रवासी. पदं शिकायची ती ऐकून. नोटेशनच्या वहीत स्वर मिळतात, जागा मिळत नाहीत. अमुक माणसाने ती तान समेच्या आधी नेमकी कुठे सोडली, हे त्याच्या गळ्यातूनच ऐकावं लागतं, तेही एकदा ऐकून भागत नाही.

आणि ऐकायचं काय, तर बाबांच्या कॅसेट. बाबा उत्सवातलं प्रत्येक नाटक मांडवात बसून टेप करायचे. गाणारे गावचे, आता बहुतेक गेलेले. त्यांची एकही ओळ कुठल्या ॲपवर नाही, असायचं कारणही नाही. आमच्या पावसात कॅसेटला पांढरी बुरशी धरते. खिडकीतून पाहिलं तर गुंडाळीच्या कडेला पिठासारखी दिसते. तशी कॅसेट सरळ वाजवली तर हेड खराब होतं आणि ती बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. म्हणून आधी फीत कापसातून सावकाश फिरवायची, मग टेपचं हेड स्पिरिटने पुसायचं, मग थोडं वाजवायचं, परत पुसायचं. संगणकात उतरवताना आणखी एक भानगड निघाली. पहिल्या अंकात नायक काळी एक पट्टीत गातोय आणि शेवटच्या अंकात तोच माणूस, त्याच पेटीबरोबर, जवळजवळ काळी दोनला पोचलाय! कारण साधं होतं. मांडवातल्या विजेचा भरवसा नाही म्हणून बाबा टेप सेलवर चालवायचे. रात्र सरता सरता सेल उतरायचे, रेकॉर्ड करताना फीत हळू फिरायची, आणि तीच फीत घरी पूर्ण वेगाने वाजवली की सूर वर चढायचा. ऑडॅसिटी या संगणकावरच्या प्रोग्राममध्ये एकेका पदाचा वेग कमी करत मी सगळ्या पट्ट्या जाग्यावर आणल्या आणि फाईलच्या नावातच पट्टी लिहून ठेवली.

हे सगळं झाल्यावर मी प्लेअर घेतला आणि मेहुण्याने तोंड उघडलं. तो मोबाइलच्या धंद्यात. ‘भावजी, फोनार सगळें आसा, हो डबो कित्याक?’ (फोनवर सगळं आहे, हा डबा कशाला?) चवथीला माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली) बसून करंज्या खाता खाता त्याने सगळ्यांदेखत माझ्या पैशांचा हिशेब मांडला. मी म्हटलं, घे, तुझ्याही फोनवर घाल फाईली. घातल्या त्याने. त्या वर्षी तालमीला तोच गाणी लावायला बसला, हौसेने. आता बघा. नायकाला एका पदाच्या अंतऱ्यातली एकच ओळ अडली होती. ती ओळ परत हवी, म्हणून हा पडद्यावरची ती बारीक रेघ बोटाने मागे ओढतो. बोट जरा घसरलं की एकदम मुखड्यावर. पुन्हा ओढतो, ओळ निघून गेलेली. मधेच कसलीशी सूचना येते आणि आवाज दबतो. शेवटी म्हणाला, थांबा, याच पदाची मोठ्या गायकाची रेकॉर्ड ॲपवर लावतो. आमच्या देवळाच्या मागे डोंगर. रेंज मिळवायला तो फोन घेऊन तळीच्या कडेपर्यंत गेला. मांडवात आम्ही तबलेवाल्यासकट चहा पीत बसलो.

माझा प्लेअर पेटीवर ठेवलेला असतो. त्याला खरी बटणं आहेत आणि ए-बी रिपीट आहे. ओळीच्या सुरुवातीला एकदा दाबायचं, शेवटी एकदा, मग तेवढीच ओळ फिरत राहते. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. बटण दाबायला डावा हात क्षणभर सोडला तरी पेटीत उरलेल्या हवेवर सूर तेवढा वेळ टिकतो. नजर नायकाच्या तोंडावर, बोट अंदाजाने बटणावर. काचेच्या पडद्यावर हे करून दाखवा.

पुढच्या वर्षी मेहुण्याने एक्स्चेंजमध्ये नवा फोन घेतला. बाबांच्या फाईली त्यात आल्या नाहीत. बॅकअप होता, पण फोटोंचा. मी विचारलं तर म्हणतो, ‘तुमच्याकडे आहेत ना, मग झालं!’ अरे, माझ्याकडे आहेत त्या त्या डब्यामुळेच! हे मी त्याला तेव्हाही सांगितलं होतं, पण आरती सुरू झाली आणि घुमट वाद्याच्या आवाजात माझं म्हणणं बुडालं.

आमच्या गोव्याच्याच, फोंडा तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर. 1977 साली नासाने व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तीत त्यांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची. पाठवणाऱ्यांनी तबकडीबरोबर सुई आणि कार्ट्रिजही ठेवलं, आणि मिनिटाला 16⅔ फेऱ्यांनी ती कशी फिरवायची हे वेष्टणावर चित्रांनी कोरलं. गाणं आणि ते वाजवायची सोय एकत्र, मधे कुणाचा सर्व्हर नाही. मेहुण्याला हे सांगितलं तर म्हणाला, तिथे ऐकणार कोण. ते वेगळं.

तेव्हा तुमचा प्रश्न मी जरा फिरवतो: तुमच्याकडे स्वतःच्या फाईली आहेत का? घरातली रेकॉर्डिंग्ज, विकत घेतलेल्या सीडी, गुरूंनी दिलेली शिकवणी? असतील तर प्लेअर घ्या, फोन कितीही महाग असो. तुमचं सगळं ऐकणं महिन्याच्या वर्गणीवर चालत असेल तर प्लेअर घेऊन तुम्ही करणार काय? वर्गणीतली ‘डाउनलोड’ केलेली गाणीही तुमची नव्हेत. वर्गणी थांबली की कुलूप, कंपन्यांचा करार संपला की गाणं यादीतून गायब. तुम्हाला डाँगल पुरे.

आता कुठला घ्यायचा. फिओ, हायबी, शानलिंग यांचे छोटे प्लेअर तुमच्या रकमेच्या आसपास मिळतात. सोनी अजून वॉकमन नावाने काढते, पण त्यांचे अँड्रॉइडवाले तुमच्या बजेटच्या बाहेर आहेत. आणि ते म्हणजे पुन्हा सिमविना फोनच. ॲपलने 2022 मध्ये आयपॉड बंद केला, त्यामुळे जुना आयपॉड घ्यायचा मोह झालाच तर बॅटरी बदलून देणारा माणूस आधी शोधा. मॉडेल मी सांगत नाही, दर वर्षी बदलतात. दुकानात तीन गोष्टी तपासा. बटणं खरी आहेत का, की पडद्यावरच सगळं. विलंबित (संथ भाग) संपून द्रुत (जलद भाग) सुरू होताना मधे खाच पडते का, कारण सीडीवर हे दोन ट्रॅक असतात आणि गॅपलेस नसलेला प्लेअर नेमका तिथे अडखळतो. आणि देवनागरी. बिनअँड्रॉइडच्या स्वस्त प्लेअरमध्ये जोडाक्षरांची पार वाट लागते. माझ्या प्लेअरवर ‘नाट्यसंगीत’ असं दिसतं की वाचणाऱ्याला ठसका लागावा. मी नाइलाजाने फोल्डरांची नावं रोमन लिपीत ठेवलीत.

कार्ड 128 जीबीचं पुरेल. सीडीच्या दर्जाचा तासभर आवाज फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता फाईल लहान करणाऱ्या प्रकारात) साधारण साडेतीनशे एमबी होतो, म्हणजे साडेतीनशे तासांच्या घरात संगीत मावलं. पण कार्डही मरतं, तेव्हा एक प्रत संगणकावर आणि एक दुसऱ्या घरी ठेवा. मेहुण्याच्या घरी नको.

आणि हो, ए-बी रिपीट देणारी ॲप फोनवरही आहेत. मेहुण्याने शोधून मला दाखवलंय, फुकट मिळतं. शिवाय सगळ्याच प्लेअरमध्ये ही सोय नसते, घेण्याआधी विचारा. घरी सावकाश बसून एकेक ओळ घोकायची असेल, विमानमोड लावायचं भान असेल, तर फोनवरही भागेल. पावसाळ्यात प्लेअर कपाटात टाकून विसरू नका. महिन्यातून एकदा निम्मा चार्ज करून ठेवा, नाहीतर बॅटरी खराब होते, आणि डब्यात सिलिका जेलची पुडी असू द्या. बाहेरून मागवलेल्या मालाची वॉरंटी इथे सहसा कुणी पाळत नाही. हजार रुपये जास्त गेले तरी भारतातलं बिल मिळेल तिथूनच घ्या.