गाडी मोजता येते, वाट पाहणं कसं मोजायचं?

वाहतूक नियोजनातलं शिक्षण, संशोधन आणि अध्यापन याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच या वेळी घेतले आहेत. दोन उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्न तसे आहेत.

प्रश्न : वाहतूक नियोजनात पदव्युत्तर शिक्षण घेऊन तीन वर्षं एका सल्लागार कंपनीत काम करतोय. वाहनगणना, अहवाल, सादरीकरण, की पुन्हा वाहनगणना. पीएच.डी. करायची फार इच्छा आहे, पण विषय सुचत नाही. विषय नसताना मार्गदर्शकांना भेटावं का?

जरूर भेटा, पण आधी स्वतःच्याच जुन्या अहवालांची पानं उलटा. तीन वर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसाकडे विषय नाही, हे मला पटत नाही. मुदतीच्या घाईत ‘हे आत्ता राहू दे’ म्हणून जे बाजूला ठेवलंत, त्यातच विषय आहेत. ज्या चौकात प्रत्यक्ष मोजणी आणि वाहतुकीचा अंदाज सांगणारं मॉडेल यांचा मेळ बसेना आणि शेवटी एखादा गुणक लावून तो बसवला, त्या चौकात परत जा.

विषय कसा सापडतो ते सांगते. एका मार्गावर दर दहा मिनिटांनी बस आहे. वेळापत्रक न बघता येणारा प्रवासी सरासरी पाच मिनिटं थांबेल, असं अहवालात लिहिलं जातं. आता त्याच बस जोडीनं यायला लागल्या : दोन मिनिटांनी एक, मग अठरा मिनिटांनी दुसरी, पुन्हा दोन, पुन्हा अठरा. तासाला बस तेवढ्याच सहा, चालक तेवढेच, इंधन तेवढंच. पण दहातले नऊ प्रवासी अठरा मिनिटांच्या खंडात थांब्यावर पोचतात आणि सरासरी नऊ मिनिटं थांबतात. छोट्या खंडात येणारा दहावा एकच मिनिट थांबतो. सरासरी निघते ८.२ मिनिटं. संस्थेच्या नोंदीत सेवा जशी होती तशीच आहे आणि थांब्यावरच्या माणसाचा वेळ दीडपटीहून जास्त जातोय.

बस अशा एकमेकींना चिकटतात तरी का? उशीर झालेल्या बसला थांब्यावर जास्त माणसं मिळतात, ती चढेपर्यंत आणखी उशीर होतो, मागच्या बसला माणसं कमी मिळतात म्हणून ती पुढचीला गाठते. न्यूवेल आणि पॉट्स यांनी १९६४ मध्ये हे गणितात मांडलं. कार्लोस डागांझो यांनी २००९ मध्ये पुढच्या बसपासूनचं अंतर बघून मागच्या बसला थोडं धरून ठेवण्याची पद्धत सुचवली. तरी प्रश्न संपलेला नाही. बस कुठल्या थांब्यावर धरायची, आत बसलेल्यांचा वेळ किती घ्यायचा, चालकाची पाळी संपत आली असेल तर काय करायचं, गर्दी इतकी की कोणी चढूच शकत नसेल तर धरून ठेवण्याला अर्थ उरतो का? यातला प्रत्येक प्रश्न रस्त्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला आधी दिसतो. तुम्ही उभे राहिला आहात. ती तुमची कमाई आहे, अर्जात ती खाली दडपू नका.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची संख्या मोजत बसू नका. त्यांचे आधीचे विद्यार्थी आज काय करतात ते बघा, त्यांच्यापैकी दोघा-तिघांशी एकांतात बोला. विद्यार्थ्याच्या कामावर विद्यार्थ्याचं नाव पहिलं आहे का, तेही बघा. आणि एक गोष्ट स्पष्ट विचारा : डेटा हातात आहे की मिळणार आहे? ‘मिळणार आहे’ या भरवशावर या क्षेत्रात कितीतरी पीएच.डी. लांबल्या आहेत.

प्रश्न : माझ्या पीएच.डी.च्या मॉडेलमध्ये सकाळच्या गर्दीच्या तासाला एका पुलावरची वाहतूक क्षमतेच्या १.३ पट येते. समीक्षकांनी विचारलं आहे की, क्षमतेपेक्षा जास्त गाड्या पुलावरून जातीलच कशा? माझे मार्गदर्शक म्हणतात, सगळेच असं दाखवतात. उत्तर काय देऊ?

समीक्षकांचं बरोबर आहे. तुमच्या मार्गदर्शकांचंही खरं आहे, पण ते उत्तर म्हणून पाठवू नका.

तुमच्या मॉडेलमध्ये बहुधा अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ पब्लिक रोड्सचं १९६४ चं सूत्र आहे. मोकळ्या रस्त्यावर लागणारा वेळ घ्यायचा, वाहतूक आणि क्षमता यांच्या गुणोत्तराचा चौथा घात करून त्याला ०.१५ नं गुणायचं, त्यात एक मिळवायचा आणि त्या वेळेला गुणायचं. गुणोत्तर एक असेल तर वेळ १५ टक्के वाढतो, १.३ असेल तर सुमारे ४३ टक्के, दोन असेल तर वेळ ३.४ पट होतो. सूत्र कुठेच थांबत नाही. ते इतकं टिकलं, कारण गणिताला सोयीचं आहे. वार्ड्रॉप यांनी १९५२ मध्ये मांडलेली समतोलाची अट, म्हणजे एकट्यानं रस्ता बदलून कोणाचाच वेळ वाचत नाही अशी स्थिती, त्याच्या आधारे सहज काढता येते आणि प्रत्येक रस्त्यावरच्या वाहतुकीचं उत्तर एकच येतं. मोठ्या जाळ्याचा ढोबळ अंदाज घ्यायला ते मीही वापरते.

पण तुमच्या पुलावर काय होतं ते बघा. क्षमता तासाला २,००० गाड्या धरू. आल्या २,६००. तासाअखेर ६०० गाड्या पुलाअलीकडे रांगेत उभ्या आहेत आणि शेवटच्या गाडीला रांगेतच १८ मिनिटं काढायची आहेत. पूल ओलांडायला एरवी तीन मिनिटं लागत असतील, तर सूत्र सांगतं ४.३ मिनिटं. हा फरक दशांशातला नाही. ती रांग मागच्या चौकापर्यंत गेली, तर ज्यांना पुलाकडे जायचंच नाही तेही अडकतात आणि तुमच्या मॉडेलला याचा पत्ता लागत नाही.

आता त्याहून महत्त्वाचं. मॉडेल पडताळायला तुम्ही पुलाअलीकडची वाहनगणना वापरली असेल, तर ती पुन्हा तपासा. गाड्या रांगेत रांगत असतात तेव्हा मोजणाऱ्याच्या समोरून पूल पुढे सोडेल तेवढ्याच जातात. ब्रूस ग्रीनशिल्ड्स यांनी १९३० च्या दशकात वेग आणि घनता (रस्त्याच्या ठरावीक लांबीत किती गाड्या आहेत ते) यांचा संबंध मांडला तेव्हापासून हे माहीत आहे : तासाला जाणाऱ्या गाड्यांची एकच संख्या दोन अगदी वेगळ्या स्थितींत येऊ शकते, भरधाव जाणाऱ्या थोड्या गाड्यांची किंवा खोळंबलेल्या पुष्कळ गाड्यांची. नुसता आकडा बघणाऱ्याला कोंडी निवांत रस्त्यासारखी दिसते. म्हणून मोजणीबरोबर वेग हवाच, आणि रांगेचं शेपूट किती वाजता कुठे होतं याची नोंद हवी. ती नसेल तर सकाळी जाऊन, पुलापासून मागे चालत, दर दहा मिनिटांनी टिपा.

समीक्षकांना लिहा की १.३ हे मागणी आणि क्षमता यांचं गुणोत्तर आहे, प्रत्यक्ष वाहणाऱ्या गाड्यांचं नाही, आणि शोधनिबंधातही शब्द तसेच बदला. मग गर्दीचा तो काळ रांगेच्या मॉडेलनं पुन्हा सोडवा. विल्यम विक्री यांनी १९६९ मध्ये मांडलेलं चिंचोळ्या जागेचं (बॉटलनेक) मॉडेल सुरुवातीला पुरेसं आहे. निष्कर्ष बदलले तर घाबरू नका, प्रबंधाचं सगळ्यात सकस प्रकरण तिथेच निघेल.

प्रश्न : मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे. इंजिनिअर नसताना वाहतूक संशोधनात मला कोणी विचारेल का?

वर ज्यांचं नाव आलं ते विक्री अर्थशास्त्रज्ञच. त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं. रस्त्यावरची जागा गर्दीच्या वेळी महाग आणि एरवी स्वस्त असायला हवी, हे ते कित्येक दशकं मांडत होते. सिंगापूरनं १९७५ मध्ये, लंडननं २००३ मध्ये गर्दीच्या भागात शिरणाऱ्या गाड्यांवर तसं शुल्क लावलं. स्टॉकहोमनं २००६ मध्ये आधी काही महिने प्रयोग केला, मग जनमत घेतलं आणि २००७ पासून ते कायम केलं. लोकांनी आधी विरोध का केला आणि अनुभव घेतल्यावर मत का बदललं, हा प्रश्न काँक्रीटचा नाही, तुमच्या विषयाचा आहे.

दुसरे अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन. त्यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातली नवी रेल्वे सुरू होण्याआधी लोकांच्या निवडीच्या मॉडेलवरून अंदाज केला होता की, कामावर जाणारे ६.३ टक्के लोक ती वापरतील. अधिकृत अंदाज १५ टक्क्यांचा होता. प्रत्यक्षात आले ६.२ टक्के. त्यांना २००० मध्ये नोबेल मिळालं.

तुम्हाला रस्ता आणि सिग्नल यांची भाषा मात्र शिकावी लागेल. एक सत्र वाहतूक प्रवाहाचा अभ्यासक्रम घ्या, आणि सिग्नलचा कालावधी कसा ठरवतात ते एकदा हातानं सोडवून बघा.

प्रश्न : मोबाइल फोनवरून सगळ्यांच्या हालचालींचा डेटा मिळत असताना घरोघरी सर्वेक्षण करण्यात वेळ कशाला घालवायचा?

कारण जो गेलाच नाही तो त्या डेटात नाही. शेवटची बस लवकर सुटते म्हणून एखादीनं संध्याकाळच्या पाळीची नोकरी नाकारली, तर नकाशावर तिचा ठिपका घरीच दिसतो आणि आपण म्हणतो, या भागातून रात्री मागणी नाही. मग तिथे बस देत नाही. हे चक्र मला फार अस्वस्थ करतं, आणि नियोजनातला सगळ्यात मोठा अन्याय असाच, कोणाच्या लक्षातही न येता होतो.

फोन वाट सांगतो, कारण सांगत नाही. मुलाला शाळेत सोडून, आजारी सासूचं औषध घेऊन, मग कामावर जाणाऱ्या बाईच्या तीन फेऱ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्यातली एक बस चुकली तर पुढचं सगळं कोसळतं. डेटात ते तीन सुटे तुकडे होतात. ज्यांच्याकडे फोन नाही किंवा घरात एकच आहे, ते तर आणखी मागे पडतात. मोबाइलचा डेटा जरूर घ्या, तेवढ्या माणसांची नोंद दुसऱ्या कशानं होणार नाही. पण त्याच भागातली थोडी घरं निवडून दारात बसून बोला, आणि ‘कुठे गेलात’ याबरोबर ‘कुठे जायचं राहिलं’ हेही विचारा.

प्रश्न : पीएच.डी. संपत आली. विद्यापीठात जावं की नियोजन संस्थेत? आणि शोधनिबंध कुठे पाठवावेत?

शिकवायला मनापासून आवडत असेल तरच विद्यापीठ. वर्गात जाणं हा संशोधनातला अडथळा वाटणाऱ्यांनी संस्थेत जावं, तिथेही उत्तम संशोधन होतं आणि ते लवकर रस्त्यावर उतरतं. मुलाखतीत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ म्हणतील, तेव्हा पहिल्या दोन वर्षांत किती तास शिकवावं लागेल ते विचारा, संकोच करू नका.

निबंधांचं म्हणाल तर ‘ट्रान्सपोर्टेशन रिसर्च’ या नियतकालिकाचे भाग नावलौकिकावरून नाही, विषयावरून निवडा : ए धोरणाचा, बी गणिती पद्धतींचा, सी नव्या तंत्रज्ञानाचा, डी पर्यावरणाचा, ई मालवाहतूक आणि लॉजिस्टिक्सचा, एफ चालकांच्या वर्तनाचा. बसच्या धोरणावरचा चांगला निबंध प्रतिष्ठेसाठी बी कडे पाठवून महिनोन् महिने अडकवण्यात अर्थ नाही. वॉशिंग्टनला दर जानेवारीत अमेरिकेतल्या ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डची (टी.आर.बी.) मोठी वार्षिक परिषद भरते. जाणं जमलं तर पोस्टरसमोर उभं राहायची संधी घ्या. भाषणानंतर दोन प्रश्न येतात, पोस्टरपाशी माणूस तुमच्या आलेखावर बोट ठेवून ‘हा बिंदू इथे का?’ असं विचारतो, आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं.