खर्चाचा आकडा वेगळा, वाट्याचा वेगळा

तुम्ही विचारलंय की एका बातमीत भारत जगातल्या सर्वांत कमी विषमता असलेल्या देशांत मोडतो, दुसरीत इथली विषमता इंग्रजांच्या काळापेक्षाही वाढलेली. मग गरिबातल्या गरीब घरांच्या वाट्याला खरोखर येतं किती?

मी अर्थशास्त्र शिकलेली नाही. हर्णै बंदरावर गेली अठरा वर्षं बोटींचे हिशेब लिहिते, आणि माझे वडील खलाशी होते. ‘वाटा’ हा शब्द माझ्या रोजच्या वहीतला आहे, म्हणून तिथूनच सांगते.

समजा एका फेरीची मासळी लिलावात एक लाखाला गेली. डिझेल, बर्फ, शिधा मिळून चाळीस हजार वजा. उरले साठ. निम्मे मालकाचे. बाकीच्या तीस हजारांचे दहा वाटे : तांडेलाचे, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाचे, दोन, आठ खलाशांचा एकेक. म्हणजे खलाशाला ३,०००. मालक धरून माणसं दहा. तळाचे २० टक्के म्हणजे दोन खलाशी, त्यांच्याकडे साठातले सहा हजार, म्हणजे १० टक्के.

आता मालकाने मोठी बोट घेतली, नवं इंजिन, मोठी जाळी. खर्च जाऊन एक लाख वीस हजार उरायला लागले. बँकेचा हप्ता माझ्या डोक्यावर, म्हणून दोन तृतीयांश माझे, असं तो म्हणतो, आणि ते अगदीच खोटं नसतं. त्याला ८०,०००, खलाशाला ४,०००. खलाशाचं उत्पन्न वाढलं. सरासरी तर दुप्पट झाली. पण त्या दोघांचा हिस्सा १० टक्क्यांवरून सातच्याही खाली आला. देश श्रीमंत होत असताना नेमकं हेच होऊ शकतं. म्हणून सरासरी उत्पन्न वाढल्याच्या बातमीने मला कधी समाधान वाटत नाही. वाटणी कशी झाली ते कळल्याशिवाय वही पुरी होत नाही.

आता तुमच्या दोन बातम्या. पहिलीच्या मुळाशी जागतिक बँकेचा २०२२-२३ चा जिनी निर्देशांक आहे, २५.५. कोराडो जिनी या इटालियन संख्याशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडलेलं हे माप : शून्य म्हणजे सगळ्यांना सारखं, १०० म्हणजे सगळं एकाच्याच हाती. पण भारताचा हा आकडा उत्पन्नाचा नाही, घरखर्चाचा आहे. त्याच वर्षीच्या सरकारी पाहणीत ग्रामीण भागातल्या तळाच्या ५ टक्के लोकांचा माणशी महिन्याचा खर्च १,३७३ रुपये होता, वरच्या ५ टक्क्यांचा १०,५०१. साधारण साडेसात पट.

दुसरी बातमी मार्च २०२४ च्या एका संशोधनावरून आली, त्याच्या चार लेखकांत फ्रेंच अर्थतज्ज्ञ थॉमस पिकेटी आहेत. त्यांनी प्राप्तिकराची माहिती धरून उत्पन्न मोजलं. २०२२-२३ मध्ये वरच्या १० टक्के प्रौढांकडे देशाच्या उत्पन्नाचे ५७.७ टक्के, त्यातल्या सर्वांत वरच्या एका टक्क्याकडेच २२.६, आणि खालच्या निम्म्यांकडे मिळून सुमारे १५. निम्म्यांना, म्हणजे शंभरातल्या पन्नासांना १५, तर ते सारखे वाटले तरी वीस जणांचे होतात ६; म्हणून देशातल्या तळाच्या वीस टक्क्यांना ६ पेक्षा जास्त मिळूच शकत नाही. तुमच्या प्रश्नाचं मला देता येईल असं सर्वांत थेट उत्तर हे.

दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण खर्च आणि कमाई या वेगळ्या गोष्टी आहेत. श्रीमंत माणूस मिळालेलं सगळं खात नाही. जमीन घेतो, शेअर घेतो, ते घरखर्चात दिसत नाही. गरिबाच्या घरी उलट होतं, आणि ते मी लहानपणी पाहिलंय. पावसाळ्यात मासेमारी बंद. वडिलांचं उत्पन्न शून्य. पण चूल पेटत होती : मालकाकडून उचल घेऊन, वाण्याकडे उधारी करून. आई रात्री बोटांवर हिशेब करायची, मला जवळ बसवून आकडे लिहायला लावायची. त्या महिन्यांत कोणी आमचा खर्च विचारायला आलं असतं, तर तांदूळ, तेल, भावाचं खोकल्याचं औषध लिहून घेतलं असतं आणि आम्ही बरे दिसलो असतो. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या फेरीचा वाटा आला की त्यातून आधी उचल कापली जायची. हातात काय आलं, ते त्या खर्चाच्या यादीत कुठे दिसणार?

उत्पन्न मोजणंही सोपं नाही, हे तितकंच खरं. आमच्या खलाशाला महिन्याची कमाई विचाराल तर तो सांगूच शकत नाही. एक फेरी भरून येते, दुसरीत डिझेलसुद्धा सुटत नाही. म्हणून तळाच्या उत्पन्नाचे आकडे बरेचसे अंदाजाने बांधावे लागतात, आणि त्यावर तज्ज्ञांत वाद आहेत. रेशनवरच्या मोफत धान्याने खर्चातली दरी कमी होते, ती फार मोलाची गोष्ट आहे; पोटाला दोन घास कमी पडणं काय असतं ते मला माहीत आहे. पण धान्य मिळालं म्हणून बोटीवरचा वाटा वाढत नाही. ते दोन प्रश्न वेगळे ठेवा : पोट भरतंय का, यासाठी खर्चाचा आकडा बघा, वाढलेल्या संपत्तीतलं कोणाला किती मिळालं, यासाठी उत्पन्नाचा.

आणि देशांची क्रमवारी दिसली तर आधी शोधा, कोणाचं काय मोजलंय. ब्राझीलचा जिनी पन्नासच्या आसपास असतो, पण तो उत्पन्नावरचा आहे. भारताचा २५.५ खर्चावरचा. हे दोन आकडे एका रांगेत लावून आपण निम्म्याने बरे आहोत असं म्हणणं म्हणजे मालकाच्या उत्पन्नासमोर खलाशाच्या घरचा किराणा मांडण्यासारखं आहे. तसा हिशेब मी बंदरावर नेला तर माझ्या वहीवर कोणी अंगठासुद्धा उठवणार नाही.