जुन्या ट्रॅव्हलर कॅम्परच्या (फोर्सची मिनीबस, आत झोपायची सोय केलेली) गाद्या आणि आतलं सगळं नवीन करायचंय. रेक्झिन लावावं की कापड? इंदूरमध्ये साधारण खर्च किती?

रेक्झिन नको. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण रेक्झिन नको.

तुम्ही लिहिलंय की गाडी आधीच्या मालकाने कॅम्पर केलेली आहे, गाद्या बसल्यात, कुबट वास येतो, छताचं कापड लोंबतंय, आणि सीटवाला म्हणतोय "पूरा रेक्झिन मार दो, लाइफटाइम का काम है". हे लाइफटाइमवालं वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा म्हटलं गेलंय की मला ते वाचूनच डोकं तापलं, म्हणून एवढं लिहायला बसले.

आमची पण ट्रॅव्हलरच. आमच्या आणि दिरांच्या, दोन घरांत मिळून एक. (ही गाडी आपल्या पिथमपुरातच बनते, तेव्हा पार्टसाठी तरी कुठे धावायला लागत नाही.) आत समोरासमोर दोन बाकं, मधे टेबल, रात्री टेबल खाली उतरवायचं, त्यावर पाठीच्या गाद्या टाकायच्या की पलंग तयार. गाद्या बदलायची वेळ आली तेव्हा भाऊजींनी परस्पर ठरवून टाकलं, मरून रेक्झिन, त्यावर डायमंड शिलाई आणि सोनेरी पाइपिंग (कडेने शिवतात ती गोल पट्टी), लग्नाच्या वऱ्हाडाच्या बसमध्ये असतं तसं. मी म्हटलं भाऊजी, झोपायचंय त्याच्यावर. तर म्हणाले, "वहिनी, हे गाडीचं काम आहे, पडदे नाहीत." हे मला, जिने सासरच्या तीन पिढ्यांच्या गाद्या-उशांचे अभ्रे शिवलेत.

आता रेक्झिनचं ऐका. ते मऊ असतं कारण पीव्हीसीमध्ये तेलासारखा पदार्थ मिसळलेला असतो, प्लास्टिसायझर. उन्हात तो हळूहळू निघून जातो आणि रेक्झिन कडक होऊन तडकतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४२ च्या वर जातो, काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीच्या आत काय होत असेल विचार करा. आणि तडा पहिल्यांदा कुठे जातो? शिवणीच्या भोकापाशी. म्हणजे डायमंड शिलाई म्हणजे तुम्ही पैसे देऊन हजारो भोकं पाडून घेताय, आणि वर ज्याच्यासाठी रेक्झिन घेतलं, पाणी आत जाऊ नये म्हणून, ते पाणी त्याच भोकांतून फोममध्ये जातं आणि वाळत नाही. शिवाय घाम. शिवाय महूच्या पुढच्या जाम घाटाच्या वळणांवर पोरं या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरतात, चादर टाकली तर चादरीसकट घसरतात.

पण खरी गंमत फोमची झाली आणि तुम्ही फोमचं काही विचारलंच नाहीये. कव्हर कसलंही लावा, आत फोम रद्दी असेल तर वर्षभरात बूड प्लायला टेकतं. दुकानदार सांगतो "४० डेन्सिटी आहे". ४० डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो, दुसरं काही नाही. म्हणजे ते वजन करून बघता येतं! आमची बाकाची गादी ६ फूट बाय २ फूट, जाडी ५ इंच. मीटरमध्ये करा, १.८३ गुणिले ०.६१ गुणिले ०.१२७, येतात साधारण ०.१४ घनमीटर. गुणिले ४०, म्हणजे साडेपाच किलोच्या थोडं वर भरायला पाहिजे. ३२ डेन्सिटी असेल तर साडेचारच्या आसपास.

मी बॅगा तोलायचा लटकता काटा पर्समध्ये घालूनच गेले होते. भाऊजी बरोबर होते, त्यांची दुकानदाराशी भिया-भिया सुरू होती, भाव ठरत आला होता. मी फोमला सुतळी बांधली, काट्याला अडकवलं आणि उचललं. चार किलोही भरेना. दुकानदार म्हणतो, "मॅडम, फोम कोई तौल के लेता है क्या?" मी म्हटलं, आप बेचते कैसे हो, ४० बोल के ना? तर ४० दिखाओ. भाऊजी माझ्या कानाशी, "वहिनी, लोक बघतायत." बघू देत की! इंजिनियर माणूस, कंपनीत आयुष्यभर मायक्रोमीटर घेऊन फिरलेला, आणि इथे वजन करायची लाज वाटत होती. पुढच्या दुकानात काटा बघितल्यावर त्याने न बोलता आतून दुसरा फोम आणला, तो वजनाला बरोबर भरला, तोच घेतला. आज पाहुण्यांना गाडी दाखवताना भाऊजी गादी दाबून सांगतात, "४० डेन्सिटी, तोलून घेतलाय." कोणी तोलला ते सांगत नाहीत.

कव्हरं मी घरी शिवली, सासूबाईंच्या जुन्या काळ्या मशीनवर. त्याला वेगळी मशीन लागते असं सगळे म्हणतात, जाड चामड्याला लागत असेलही, सोफ्याच्या कापडाला नाही लागत. १८ नंबरची सुई घाला, पॉलिएस्टरचा मजबूत दोरा घ्या (सुती दोरा दमटपणात कुजतो), टीप लांब ठेवा, आणि कोपऱ्यावर पाइपिंगचे थर एकावर एक येतात तिथे पायट्यावरचा पाय काढून चाक हाताने फिरवा, एकेक टाका. बाजूची पट्टी कोपऱ्यात वळत नसेल तर शिवणीच्या अलीकडेपर्यंत एक छोटा कट द्या, मग ती वळते, नाहीतर कोपऱ्याला चुण्या येतात आणि मग गादी कायम वापरलेली दिसते. फोम कव्हरपेक्षा सेंटिमीटरभर मोठा ठेवायचा म्हणजे कापड ताणून बसतं. आता मोठा फोम लहान कव्हरात जाणार कसा? ड्रायक्लीनवाला कपड्यांवर पातळ पिशवी देतो ना, ती फोमला गुंडाळा, फोम सरकत आत जातो, मग पिशवी ओढून काढा. चेन मागच्या पट्टीत, आणि दोन्ही कोपरे वळून पुढे चार-चार बोटं येईल एवढी लांब. फक्त मागच्या बाजूपुरती चेन लावली तर धुवायला कव्हर काढताना तुम्हाला माझी आठवण येईल.

कापड म्हणाल तर एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये जा आणि पडद्याचं नाही, सोफ्याचं मागा. ५४ इंची पन्हा असेल तर वर सांगितलेल्या मापाच्या एका गादीला पाइपिंग धरून तीन मीटर. सुती कॅनव्हास आवडत असेल तर कापायच्या आधी धुवून घ्या, आटतो.

छताचं कापड परत चिकटवू नका. त्याच्या मागे पातळ फोमचा थर असतो, त्याचा भुसा झालेला असतो, म्हणून ते सुटतं. भुशावर कितीही सोल्युशन लावा, भुसाच चिकटणार. कापड काढा, पत्रा किंवा बोर्ड ब्रशने घासून साफ करा, मग नवीन लावा. आणि तिथे उन्हात न सुटणारं सोल्युशन वापरा, साधा फेविकॉल नाही.

वासाचं उत्तर गाद्यांत नाही, जमिनीत असेल. मॅट उचला, खालचा प्लाय ओला आहे का बघा, चाकांच्या वरच्या फुगवट्यापाशी गंज असतोच. ते वाळवल्याशिवाय नवीन गाद्या टाकल्यात तर पावसाळ्यात त्यांनाही तोच वास. बाकाच्या प्लायला गादीखाली भोकं पाडा, अंगठा जाईल एवढी, म्हणजे हवा खेळते. आमच्याकडे भाऊजी म्हणाले प्लाय कमजोर होईल. झाला नाही.

खर्च. सीटवाले पूर्ण गाडीचा उक्ता भाव सांगतात, तो घेऊच नका, फोम, कापड आणि शिलाई वेगवेगळी लिहून मागा. पैसे फोममध्ये घाला, शिलाईत वाचवा. घरी शिवलंत तर बिल बरंच खाली येतं एवढं नक्की.

आता काही गोष्टी राहिल्या. ड्रायव्हरच्या सीटला आणि दाराजवळच्या सीटला रेक्झिन लावलं तर माझी हरकत नाही, घाटात ओकणारं पोर असेल किंवा कुत्रा नेत असाल तर तिथे तेच बरं. वजन बरोबर भरलं म्हणजे फोम चांगलाच असं पण नाही, काही जण पावडर भरून वजन वाढवतात, म्हणून मुठीत दाबून सोडा, लगेच वर यायला पाहिजे आणि कडेचा तुकडा चुरगळून भुगा होता कामा नये. गाद्या-कव्हरं बदलायला कोणाला विचारायला लागत नाही, पण आधीच्या मालकाने सीटा काढून पलंग बसवले असतील तर आरसीवर तशी नोंद आहे का आधी बघा, मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे त्यासाठी, नाहीतर क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले तेच काढतात. आणि शेगडीजवळच्या खिडकीला पॉलिएस्टरचा पडदा नको. तिथे पडदाच नको.

बाकांची मापं कळवा, कापड किती लागेल सांगते. काटा इंदूरातच असाल तर माझा घेऊन जा, लोकमान्य नगरला या.