परसातील मधपेटी तपासताना राणीमाशी दिसलीच पाहिजे का?

परसात ठेवलेल्या सातेरी (भारतीय जातीच्या) मधमाशांच्या दोन पेट्या किती दिवसांनी उघडाव्यात आणि दोनदा शोधूनही राणी दिसली नाही तर काय समजावे, असे आपण विचारले आहे. राणी दिसलीच पाहिजे हा आग्रह आधी सोडावा. त्या आग्रहापायी आमची माशांची एक वसाहत गेली.

आमचे गाव औसा तालुक्यात आहे. माझ्या थोरल्या बंधूंनी प्रशिक्षण घेतले होते, आणि राणी डोळ्यांनी पाहिल्याखेरीज तपासणी पुरी होत नाही, असे त्यांचे ठाम मत होते. करडईचा फुलोरा संपून गेला होता, एप्रिलचे ऊन चाळिशीच्या पुढे गेले होते, आणि अशा भर दुपारी त्यांनी पेटी पाऊण तास उघडी ठेवून पोळे बांधलेली एकेक लाकडी चौकट बाहेर काढली. मी अंडी दाखवीत होतो, ते राणी शोधत होते. एक चौकट त्यांनी आडवी धरताच उन्हाने मऊ झालेले नवे पोळे मधासकट तुटून पडले आणि सांडलेल्या मधावर मुंग्या लागल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पेटीत एकही माशी नव्हती.

शेजारच्या वावरातील फवारणीने माशा गेल्या, असे दादा आजही म्हणतात. मला ते मान्य नाही. विषबाधा झाली असती, तर पेटीच्या दारापुढे मेलेल्या माशांचा सडा दिसला असता. तेथे जमीन स्वच्छ होती, आणि आत अळ्या व झाकलेली पिल्ले तशीच मागे राहिली होती. सातेरीला वारंवार छेडले की ती घर सोडून जाते, हे मधपाळांना ठाऊक असते.

अंड्यातून अळी बाहेर यायला तीन दिवस लागतात. म्हणून सूर्य पाठीमागे ठेवून, चौकट उभीच धरून पाहावे. पोळ्यातील घरांच्या तळाशी एकेक अंडे दिसले, तर राणी तीन दिवसांपूर्वीपर्यंत पेटीत होती हे निश्चित, आणि पेटी तेथेच बंद करावी. एकाच घरात अनेक अंडी विखुरलेली असतील, तर मात्र राणी नाहीशी होऊन कामकरी माशा अंडी घालू लागल्या असण्याचा संभव असतो. एरवी दहा-बारा दिवसांनी, सकाळी ऊन तापण्याआधी, दहा मिनिटांची तपासणी पुरते. एप्रिल-मे महिन्यांत मी तर केवळ दाराशी बसून पाहतो. पायांना पराग लावून माशा आत जात असल्या, तर आत पिल्ले पोसली जात आहेत असे मी समजतो.

हे सर्व सातेरीविषयी आहे. मेलिफेरा, म्हणजे युरोपीय जातीची पाळीव माशी, तपासणी अधिक सोसते. फुलोऱ्याच्या दिवसांत वसाहत फुटून दोन होण्याची चिन्हे दिसली, तर राणीच्या कोठ्या, म्हणजे नवी राणी वाढते ती घरे, पाहण्यासाठी आठवड्याने पेटी उघडावी लागते. दादांचे म्हणणेही एका प्रसंगी खरे आहे: वसाहतीचे विभाजन करताना राणी कोणत्या चौकटीवर आहे, हे पाहावेच लागते. परंतु विभाजन हे पहिल्या वर्षाचे काम नव्हे, आणि एप्रिलच्या दुपारचे तर नव्हेच.