हार्मोन्स आणि कॅन्सर या विषयात पुण्यात पीएचडी करावी का? त्यातून हाती काही लागतं का?

उत्तर द्यायचं नव्हतं. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, 'पुण्यातल्या कोणी यात काही केल्याचं ऐकलं नाही', ते बोचलं. कमल रणदिवे. जन्म पुण्यातला, १९१७. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. पुढे मुंबईत पॅथॉलॉजिस्ट वसंत खानोलकरांच्या हाताखाली स्तनाच्या कॅन्सरवर काम केलं, कॅन्सर, हार्मोन्स आणि विषाणू यांचं नातं शोधलं, देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब (पेशी शरीराबाहेर वाढवायची प्रयोगशाळा) उभी केली. १९८२ला पद्मभूषण. मी स्वतः हुजूरपागेची, आणि दहा वर्षांत शाळेत मला हे नाव कोणी सांगितलं नाही. तेव्हा तुमच्यावर काय रागवायचं.

आता 'हाती काय लागतं'. माझ्या हाती पहिल्यांदा लागला तो आळ.

नव्वदचं दशक, पीएचडीचं दुसरं वर्ष. एमसीएफ-७ वर काम चाललं होतं (१९७० साली अमेरिकेतल्या एका ननच्या फुप्फुसाभोवतीच्या पाण्यातून काढलेल्या या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी; त्या बाईंनी निम्म्या जगाला पीएचडी मिळवून दिली). प्रयोग अगदी साधा. काही प्लेट्सना इस्ट्रॅडिऑल (इस्ट्रोजेन हार्मोनचाच एक प्रकार), काहींना, म्हणजे कंट्रोलला, ते विरघळवायचं नुसतं इथेनॉल, आणि ठरावीक दिवसांनी पेशी मोजायच्या. कंट्रोल मागे पडला पाहिजे. माझा पडेचना. पेशींना घालायचं सीरम त्यातले हार्मोन काढायला चारकोलने साफ केलेलं, पिपेट नवे, तरी दोन्हीकडे पेशी सारख्याच माजलेल्या. सहा महिने हेच.

ग्रुप मीटिंगमध्ये आमचे एक सीनिअर सगळ्यांसमोर म्हणाले, "हार्मोनचा पिपेट तूच कंट्रोलमध्ये बुडवतेस. लक्ष कुठे असतं? लग्न ठरलंय वाटतं." सगळे हसले. ठरलं होतंच, पण त्याचा पिपेटशी काय संबंध?

त्या रागात मी कंट्रोललाच टॅमॉक्सिफेन, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरवरचं औषध, घालून पाहिलं. पेशींची वाढ बसली. आता टॅमॉक्सिफेन पेशीतली जागा अडवतं ती इस्ट्रोजेनची. मी इस्ट्रोजेन घातलंच नव्हतं, मग हे अडवत कोणाला होतं? सीनिअर म्हणाले, "बघ, मी तेच म्हणतोय." मग मीडियाची (पेशी ज्यात वाढवतात त्या द्रवाची) नवी बाटली फोडली, हार्मोनची कुपी खोलीत आणूच दिली नाही, आणि सगळं पहिल्यापासून केलं. परत तेच. म्हणजे जे काही होतं ते बाटलीतच होतं.

जयकर ग्रंथालयात दोन दुपारी धूळ खाल्ल्यावर कात्झेनेलेनबोगेन यांच्या गटाचा १९८६चा पेपर सापडला. मीडियाला तो लालगुलाबी रंग देणारं फिनॉल रेड इस्ट्रोजेनसारखं वागतं, क्षीण का होईना. पीएच, म्हणजे द्रव किती आम्ल झालाय ते, डोळ्यांना दिसावा म्हणून घातलेला रंग! बिनरंगी मीडिया मागवला, यायला तीन महिने लागले, आणि पहिल्याच खेपेला कंट्रोल मुकाट मागे पडला. पेपरची झेरॉक्स सीनिअरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. "हं, ठेव." एवढंच. महिन्याभरात एका नव्या मुलाला ते सांगताना ऐकलं, "फिनॉल रेड बघायचं असतं रे, बेसिक आहे."

तर करा पीएचडी. जेआरएफ (पीएचडीसाठीची फेलोशिप) काढा, मग संशोधन संस्था म्हणाल तर गणेशखिंडीला पेशीविज्ञानाची एनसीसीएस आहे, पाषाणला आयसर आहे, आघारकर आहे, तिथल्या कोणत्या लॅबमध्ये आत्ता काय चाललंय ते त्यांच्या पेपरांवरून कळेल. पण गाइड निवडताना त्यांचे पेपर किती ते मोजत बसू नका. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठा आणि विचारा, कंट्रोल बिघडला की सर आधी बाटलीकडे बघतात की मुलीकडे. शक्यतो मुलींनाच विचारा, मुलगे आठवून सांगत नाहीत.

आणि पेशंटला उपयोग काय, असं जे नातेवाईक विचारतील त्यांना सांगा, टॅमॉक्सिफेन १९६२ साली बनवलं गेलं ते गर्भनिरोधक म्हणून. त्यात ते नापास झालं. १९७७ला अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं आणि आजही दिलं जातं. मधली पंधरा वर्षं कोणीतरी पेशी आणि उंदीरच मोजत बसलं होतं. मात्र ते सगळ्यांना चालत नाही, ज्यांच्या गाठीत हार्मोनचे रिसेप्टर (हार्मोन जिथे चिकटतं त्या जागा) असतात त्यांनाच. तेव्हा माझं वाचून कोणाला औषध सुचवू नका.

खरं सांगायचं तर दोष फिनॉल रेडचाही नव्हता. १९८८ला कळलं की रंगातल्या भेसळीमुळे ते होतं. आणि सीनिअरांचा संशयही अगदीच खुळा नव्हता, बहुतेक वेळा चूक हाताचीच असते. गेल्या वर्षी माझ्या विद्यार्थिनीचा कंट्रोल बिघडला तेव्हा माझ्या तोंडूनही आधी पिपेटच निघाला. लग्नाचं नाही काढलं.