निगेटिव्हवरील पाण्याचे डाग

प्रश्न : दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावी वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या कृष्णधवल निगेटिव्हवरील धूळ काढण्यासाठी मी त्या बोअरच्या पाण्याने धुऊन वाळत घातल्या, तर त्यांवर पांढुरके गोल डाग उमटले. पाण्यात तुरटी फिरवून आणि ते उकळून पाहिले, तरी फरक पडला नाही. काय करावे?

उत्तर : आपले गाव पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे भूजल खारे असलेल्या पट्ट्यात आहे आणि डागांचे मूळ तेथेच आहे. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, उकळल्याने जडपणाचा काही भाग जातो. परंतु विरघळलेले बाकीचे क्षार पाण्यातच राहतात आणि पाणी आटले की अधिकच दाट होतात. निगेटिव्हवर अडकलेला थेंब सुकला की मागे उरतात ते हेच क्षार.

म्हणून शेवटचे धुणे डिस्टिल्ड पाण्यातच करावे. बॅटरीच्या दुकानात ते मिळते. मात्र बाटलीत पाणीच आहे, ॲसिड नाही, याची खात्री करून घ्यावी. त्याचा एक थेंब स्वच्छ काचेवर वाळू द्यावा. डाग राहिला तर ते पाणी वापरू नये. कॅनमधून मिळणाऱ्या आरओच्या पाण्यालाही हीच कसोटी लावावी. या पाण्यात कोडॅकचे ‘फोटो-फ्लो २००’ हे द्रावण दर एक लिटर पाण्याला ५ मिलिलिटर या प्रमाणात मिसळले की पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि थेंब न साचता पाणी सलग ओघळून जाते. प्रमाण वाढवण्याचा मोह टाळावा, कारण जादा द्रावणाचेच ओघळ फिल्मवर उमटतात. अर्धा मिनिट बुडवून फिल्म उभी टांगावी, खालच्या टोकाला चिमटा लावावा आणि वाळेपर्यंत खोलीतील पंखा व कूलर बंद ठेवावा. उन्हाळ्यात टाकीचे तापलेले पाणी फिल्मवरील चित्र धरून ठेवणारा जिलेटीनचा थर मऊ करते, तेव्हा हे काम पहाटे करावे आणि सगळे पाणी २० ते २५ अंशांच्या आसपास, एकाच तापमानाचे ठेवावे.

आता पडलेले डाग. चकचकीत बाजूचे डाग डिस्टिल्ड पाण्यात भिजवून मऊ सुती कापडाने हलकेच पुसता येतात. मंद बाजू, म्हणजे जिलेटीनची बाजू, मुळीच पुसू नये. ती दहा मिनिटे भिजवून वरीलप्रमाणे पुन्हा वाळवावी. डाग बहुधा फिका होतो, परंतु थरच असमान सुकला असेल तर त्याची कडा कायम राहते.

केवळ धूळ असेल, तर ती मऊ ब्रशनेच झटकावी, पाणी लावूच नये. आणि ज्या निगेटिव्हवर बुरशीची जाळी दिसते, त्या तर कदापि भिजवू नयेत. बुरशीने पोखरलेले जिलेटीन पाण्यात विरघळते आणि त्यासोबत वडिलांनी टिपलेले चित्रही वाहून जाते. अशा निगेटिव्ह कोरड्याच ठेवून आधी त्यांचे स्कॅन करून घ्यावे.