वाचकांचे प्रश्न : वर्डच्या टेम्प्लेटमधील बटणे आणि मॅक्रो

प्रश्न : आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या पत्रांसाठी मी वर्डमध्ये टेम्प्लेट (पत्राचा साचा) तयार केले आहे. ‘डेव्हलपर’ टॅबमधून त्यात एक बटण टाकले असून ते दाबले की जावक क्रमांक आणि तारीख उमटते. परंतु हे बटण पत्रासोबत छापूनही येते, आणि पत्र अध्यक्षांच्या संगणकावर उघडल्यास ते दाबूनही काही होत नाही. उपाय सुचवावा. – सचिव, डोंबिवली

उत्तर : आपण टाकलेले बटण अ‍ॅक्टिव्हएक्स प्रकारचे (मायक्रोसॉफ्टच्या एका जुन्या तंत्राचे) आहे. ते पानाचाच भाग असल्यामुळे छापले जाते. त्यामागचा मॅक्रो (ठरावीक काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) मात्र टेम्प्लेटमध्ये असतो आणि आपण कोणत्या टेम्प्लेटवरून तयार झालो एवढीच नोंद पत्राजवळ राहते. अध्यक्षांकडे ते टेम्प्लेट नाही, म्हणून बटण तेथे निरुपयोगी ठरते. माझ्या मते हे बरेच आहे, कारण संस्थेबाहेर जाणाऱ्या पत्रात मॅक्रो असूच नये. शिवाय हा प्रकार मॅकवर चालत नाही आणि ऑफिस २०२४ पासून विंडोजवरही तो मुळातच बंद ठेवलेला असतो. तेव्हा पानावरचे बटण काढून टाकावे आणि ते टूलबारवर न्यावे.

त्यासाठी टेम्प्लेट ‘डॉटएम’ प्रकारात जतन केलेले असावे, कारण ‘डॉटएक्स’ प्रकारात मॅक्रो राहत नाही. फाइलवर डबल-क्लिक केल्यास तिच्यावरून नवे पत्र तयार होते, म्हणून खुद्द टेम्प्लेटमध्ये बदल करायचा असेल तेव्हा राइट-क्लिक करून ‘ओपन’ निवडावे. मग वर्डच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘क्विक अ‍ॅक्सेस टूलबार’ या पानावर जावे आणि उजव्या बाजूच्या वरच्या यादीत ‘सर्व दस्तऐवजांसाठी’ हा पर्याय सोडून आपल्या टेम्प्लेटचे नाव निवडावे. बहुतेक जण ही यादी पाहतच नाहीत आणि मग संस्थेचे बटण घरच्या पत्रांतही दिसू लागते. डावीकडील यादीतून ‘मॅक्रोज’ निवडून आपला मॅक्रो उजवीकडे घ्यावा आणि ‘मॉडिफाय’मध्ये त्याला ओळखता येईल असे चिन्ह द्यावे. आता बटण फक्त या टेम्प्लेटवरून तयार केलेल्या पत्रांसोबत दिसेल, आणि कागदावर ते येणार नाही.

जावक क्रमांकाबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगणे आवश्यक वाटते. टेम्प्लेटमधील मॅक्रोला ‘ऑटोन्यू’ हे नाव दिल्यास नवे पत्र उघडताच तो आपोआप चालतो, आणि क्रमांकासाठी तसे करण्याचा मोह होतो. पण पत्र उघडून कोणी ते न लिहिताच बंद केले, तर क्रमांक वाया जातो आणि जावक नोंदवहीत पडलेल्या खंडाचा खुलासा हिशेबतपासनिसाला देत बसावे लागते. म्हणून पत्र पक्के झाल्यावर बटण दाबूनच क्रमांक घेण्याची आपली पद्धत योग्य आहे. तारीखही त्याच मॅक्रोने साध्या मजकुराच्या रूपात टाकावी. तेथे ‘डेट’ फील्ड (वर्ड स्वतः मजकूर भरतो अशी जागा) ठेवल्यास जुने पत्र पुढच्या वर्षी उघडून छापले असता त्यावर त्या दिवसाची तारीख येते, आणि दप्तरी ठेवण्याच्या पत्रात असे होऊन चालत नाही.

सभासदाचे नाव, सदनिका क्रमांक यांसारख्या जागांसाठी मात्र मॅक्रोची गरज नाही. कंट्रोल आणि एफ९ या कळा एकत्र दाबल्या की महिरपी कंसांची जोडी येते. तिच्यात रोमन लिपीत ‘मॅक्रोबटन’, मग अस्तित्वात नसलेल्या एखाद्या मॅक्रोचे नाव (‘नोमॅक्रो’ असे लिहिण्याचा प्रघात आहे) आणि शेवटी ‘येथे सभासदाचे नाव लिहा’ असा मजकूर टाकून एफ९ दाबावे. हे फील्ड मुळात डबल-क्लिक करून मॅक्रो चालवण्यासाठी आहे, पण मॅक्रोच नसल्यामुळे एका क्लिकमध्ये पूर्ण सूचना निवडली जाते आणि टंकलेला मजकूर तिची जागा घेतो. सूचना एका ओळीत मावेल इतकीच ठेवावी, नाहीतर तिच्याऐवजी त्रुटीसंदेश दिसतो. भरायची राहिलेली सूचना तशीच छापली जाते, म्हणून सहीपूर्वी पत्र एकदा वाचून घ्यावे.

प्रश्न : मी वकिलांच्या कार्यालयात टंकलेखन करतो. प्रतिज्ञापत्राच्या टेम्प्लेटमध्ये ठरावीक परिच्छेद घालणारा मॅक्रो लिहिला, पण मॅक्रो लिहिण्याच्या खिडकीत (एडिटरमध्ये) मराठी मजकूर चिकटवताच सगळी प्रश्नचिन्हे होतात. जुन्या संगणकावर असेच मॅक्रो चालत होते. – एक वाचक, सातारा

उत्तर : वर्ड युनिकोड (सर्व लिप्यांना सामावणारी संकेतपद्धती) जाणतो, पण मॅक्रो लिहिण्याची त्याची खिडकी अजूनही विंडोजच्या जुन्या संकेतपद्धतीवर चालते आणि त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नाही. आपले जुने मॅक्रो चालत होते, कारण त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर केवळ दिसण्यापुरते असे आणि संगणकाच्या लेखी तो रोमन मजकूरच असे.

यावर उपाय म्हणजे मराठी मजकूर मॅक्रोत ठेवूच नये. परिच्छेद वर्डमध्ये नेहमीप्रमाणे टंकून निवडावा, ‘इन्सर्ट’ टॅबमधील ‘क्विक पार्ट्स’मधून तो ‘ऑटोटेक्स्ट’ म्हणून साठवावा, साठवण्याची जागा म्हणून आपले टेम्प्लेट निवडावे आणि त्याला रोमन अक्षरांत छोटे नाव द्यावे. मॅक्रोने त्या नावाने परिच्छेद मागवून घ्यायचा. याचा दुसरा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो : वकीलसाहेबांनी वाक्यरचना बदलली, तर आपल्याला मॅक्रोला हात लावावा लागत नाही, सुधारलेला परिच्छेद त्याच नावाने पुन्हा साठवला की काम होते.

प्रश्न : सहकाऱ्याने ईमेलने पाठवलेले टेम्प्लेट उघडताच लाल पट्टी येते आणि मॅक्रो चालत नाहीत. मॅक्रोंची सुरक्षा बंद करावी का? – एक शिक्षिका, लातूर

उत्तर : करू नये. १९९९ साली ‘मेलिसा’ विषाणू वर्डच्या मॅक्रोमधूनच ईमेलने जगभर पसरला होता. इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधील मॅक्रो अडवण्याचे धोरण मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून लागू केले आहे, आणि आपल्याला दिसणारी पट्टी त्याचीच आहे. टेम्प्लेट आपल्या सहकाऱ्यानेच पाठवले आहे याची फोनवर खात्री करून घ्यावी, मग फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अनब्लॉक’वर खूण करावी आणि ती वर्डच्या टेम्प्लेट-फोल्डरमध्ये ठेवावी. हे फोल्डर वर्ड मुळातच विश्वासार्ह मानतो, त्यामुळे बाकीच्या फाइलींसाठीची सुरक्षा जशीच्या तशी राहते.